घासलेली चाकं

बद्रीनाथनं साखळी परातीत सोडली आणि तिच्यावर डिझेल ओतलं. दोन पावसाळ्यांच्या ओलीनं गंजलेली साखळी ती. घटकाभरात डिझेल चहासारखं लाल झालं.

"परात कोणती घेतली?" आतून सरूबाईचा आवाज आला.

"चेपलेलीच घेतली. तुझी नाय घेतली."

साखळी व्यायामाच्या मशीनची, आणि मशीन पोराचं, बन्सीचं. होडी वल्हवल्यासारखं पाय रोवून, मूठ छातीशी ओढत बसायचं. खालची सीट पट्टीवरून मागंपुढं सरकायची. पोलीस भरतीच्या सरावात पोराचा गुडघा गेला, डॉक्टरनं पळणं बंद केलं. पण दम तर टिकवायचाच होता. मग बंद पडलेल्या एका जिममधून हे धूड त्यानं टेम्पोत घालून आणलं. गल्लीनं काय कमी थट्टा केली? "काय बन्सी, खाम नदीत होडी सोडतो का?" बन्सीही हसायचा आणि मागच्या पत्र्याखाली रोज घाम गाळायचा. मग भरती निघाली, पण त्याआधीच डेंग्यूनं चार दिवसांत पोरगं नेलं.

तेव्हापासून सरूबाईनं नवऱ्याकडं काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. भाजी कोणती आणू विचारलं, तर "आणा कोणतीबी." लुगडं घेऊ म्हटलं, तर "हायेत की." आणि गेल्या सोमवारी ती आपणहून म्हणाली,

"आवं, तेवढं मशीन चालू करता का?"

कशाला, हे बद्रीनाथनं विचारलंच नाही. दोन वर्षांनी बाईनं तोंड उघडून काही मागितलं, त्याला तेवढंच पुरं होतं. एस.टी.च्या वर्कशॉपात तीस वर्षं फिटरकी करून रिटायर झालेला माणूस तो. हे एक काम तरी तिच्या मनासारखं करायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

सीटखालची दोन चाकं एका बाजूनं घासून चपटी झाली होती. ती घेऊन तो उस्मानपुऱ्यात दाऊदभाईच्या लेथवर गेला, नमुना म्हणून तिथंच ठेवली आणि नवी कातून आणली. पट्टी घासली, साखळीला तेल दिलं, मुठीला नवं रबर चढवलं. आठव्या दिवशी सकाळी त्यानं हाक मारली.

सरूबाई पिठाच्या हातानंच आली. बद्रीनाथ सीटवर बसला आणि मूठ ओढली. सीट लोण्यावरून गेल्यागत मागं सरकली.

"बघ! इवलासा आवाज नाय." वर्कशॉपात त्याच्या हाताखालच्या गाडीतून आवाज आला तर ती परत खोलली जायची, एवढा त्याचा दरारा.

सरूबाई उभीच राहिली. त्यानं आणखी चारदा ओढलं. ती खाली वाकली, चाकांकडं बघितलं.

"चांगलं झालं," म्हणाली आणि आत गेली.

बद्रीनाथचं डोकं फिरलं. आठ दिवस राबलो, अन् एवढंच? तो तणतणत आत गेला, तर तव्यावर भाकरी करपत होती आणि ही भिंतीकडं तोंड करून बसलेली.

"अगं, झालं काय? सांग की."

"आवाज कुठं गेला वं त्याचा?"

"कशाचा?"

"खर्र करायचं, मंग खट. तुम्ही पहिल्या पाळीला गेले की बन्सी बसायचा. मी इकडं भाकऱ्या थापायची. खट वाजलं की वाटायचं, पोरगं हाय मागं." तिनं पदर तोंडाला लावला. "एकदा ऐकायचं होतं."

बद्रीनाथनं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. त्यानं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. पाच वाजता तो घराबाहेर पडायचा; आणि सुट्टीच्या दिवशी, बाप झोपलाय म्हणून, पोरगं मशीनला हात लावत नसे.

तो तसाच दाऊदभाईकडं गेला.

"क्यूं बद्रीभाऊ, नवी बसली नाय का?"

"बसली. जुनी द्या."

"ती घासलेली? भंगार हाय ते. करणार काय त्यांचं?"

"बसवणार."

दाऊदभाईनं लेथ बंद केला. त्यानं बन्सीला पाहिलेलं होतं. पत्र्याच्या डब्यातल्या लोखंडाच्या किसात हात घालून दोन्ही चाकं शोधली, चिंधीनं पुसली आणि बद्रीनाथच्या हातावर ठेवली.

सगळ्या हयातीत बद्रीनाथनं जाणूनबुजून खराब चाक कधी बसवलं नव्हतं. त्या दिवशी बसवलं, आणि पाना हातात धरून लहान लेकरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी, पहिल्या पाळीच्या वेळेला, तो पत्र्याखाली जाऊन बसला. आत भाकरी थापल्याचा आवाज सुरू होता. त्यानं मूठ ओढली.

खर्रर्र. खट.

आतली थाप थांबली. बद्रीनाथचाही हात थांबला. असं वाजायचं होय! त्यानं पुन्हा ओढलं, पुन्हा, भराभर.

"हळू वं," आतून आवाज आला. "त्याला इतकी घाई नव्हती."

त्यानं हात सैल केला.

"खट झालं की दम घ्यायचा तो. मंग दुसरं."

बद्रीनाथनं दम घेतला. खर्रर्र. खट. थांबला. मग दुसरं.

"असंच का?"

आत भाकरीवर थाप पडली. मग खट वाजलं, मग पुन्हा थाप. बद्रीनाथ ओढत राहिला.