काकवी म्हणजे नीरेची

“बाईंनी यात काहीतरी लपवलंय,” गिरीराज म्हणाला आणि तोंडातला हॅमचा तुकडा त्याने कागदात थुंकला.

सुनंदाबाई समोरच उभ्या होत्या. कन्नड मुलखातल्या आनेकलच्या या छोट्या कारखान्यात सव्वीस वर्षं डुकराचं मांस खारवून, वर पाक लावून धुरी देण्याचं काम त्यांचं. स्वतः खाताना मटणापलीकडे कधी गेल्या नाहीत, पण धुरी पुरेशी बसली की नाही हे नुसत्या वासावरून सांगत. थोरल्या मालकांना तेवढं पुरत होतं. त्यांच्या लेकाला, गिरीराजला, मात्र सगळं कागदावर हवं. म्हणून पुण्याहून केतकी आली, महिनाभर वही घेऊन बाईंच्या मागे फिरली, आणि कृतीचं कार्ड तयार झालं. कार्ड जमलं की बाईंना नारळ, हे कुणी न सांगताही सगळ्यांना ठाऊक होतं.

पण कार्डावरून केलेल्या पहिल्याच मांसाला उसाचा उग्र दर्प सुटला होता.

“सर, मी एक्झॅक्ट फॉलो केलंय,” केतकी रडवेली झाली. “आठ दिवस मीठ, मग काकवी, मग धुरी.”

बाईंची नजर टेबलावरच्या बाटलीकडे गेली. लेबलावर उसाची कांडी होती. चूक त्यांच्या तिथल्या तिथे ध्यानात आली.

“म्हणजे बाईंना ठेवूनच घ्यावं लागणार,” गिरीराज चरफडला.

देव जाणे किती दिवस बाई याच वाक्याची वाट बघत होत्या! आता नुसतं गप्प राहायचं होतं. खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. पण ‘लपवलंय’ हा शब्द त्यांना सलत होता, आणि समोर ती पोर डोळे पुसत होती.

“अय्यो, ही उसाची गं,” त्या म्हणाल्या. “आमच्यात काकवी म्हणजे नीरेची. नारळाची नीरा आटवून करतात ती. माझ्या डब्यात तीच असते की.”

“अक्का, मग मी ‘उसाची काकवी’ लिहिलेलं कार्ड दाखवलं तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तू मराठीत लिहिलंस. मराठी मला बोलायला येते. वाचायला कन्नडच.” कबूल करताना त्यांना लाज वाटली. “म्हणून मान हलवली स्वल्प.”

केतकीने कार्डावर ‘उसाची काकवी’ खोडून ‘नारळाच्या नीरेचा पाक’ लिहिलं. मग बाईंचा हात धरला.

“उद्यापासून दगदग नको तुम्हाला, बाई,” गिरीराज मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

“सरी, ठीक आहे,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी फाटकावरच्या वॉचमनने नेहमीसारखं विचारलं, “उद्या साडेसातलाच ना, अक्का?”

“साडेसातलाच,” त्या सवयीने बोलून गेल्या, आणि फाटकाबाहेर आल्यावर त्यांचे पाय जागीच थांबले.