सीमोल्लंघनाचा कठडा

जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून आबा बसले होते. सर्वांत खाली त्यांचा मुलगा पुष्कर, वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर चढवून. दोघांच्या मधोमध, लोखंडी खांबांवर कठड्याची दांडी नुसती क्लॅम्पने आवळलेली. ती जोडायची सोडून वेल्डिंगचे यंत्र नुकतेच खोकून गप्प झाले होते.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आबा पहिल्या मजल्यावरून उतरलेच नव्हते. दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन दाना ओली नावाच्या गल्लीतल्या जुन्या सोबत्यांकडे स्वतःच्या पायांनी जायचे, एवढेच त्यांनी मागितले होते. त्यासाठी जिन्याला कठडा हवा होता. कारागीर बोलावण्याची गोष्ट निघताच पुष्कर मध्ये पडला. आधुनिक कवितेत एम. ए. झालेल्या माणसाने दोन धातू स्वहस्ते एकजीव करावेत, यात त्याला फार खोल अर्थ दिसला होता. आज दसऱ्याची दुपार कलली तरी तो अर्थ तारेच्या टोकाशीच अडून बसला होता.

"पुष्करराव," आबा वरून म्हणाले, "यंदाचं सोनं तुमच्या यंत्रालाच देऊ का?"

वितळून सांधा भरणारी तार वेल्डिंगच्या गनमधून सलग यायला हवी. ती अडखळत येत होती. पुष्करने तार पुढे ढकलणाऱ्या रोलरचा स्क्रू आवळला. तार टोकाशी वितळून चिकटली आणि मागून ढकललेली सगळी लांबी झाकणाखाली चिमणीच्या घरट्यासारखी गुंतून बसली. विस्कटलेल्या जाणिवेची ही प्रतिमा त्याला इतकी आवडली, की घरटे कापण्याआधी तो थोडा वेळ ते न्याहाळत राहिला. मग त्याने जळलेले टोक बदलले, रीळ सैल केले, आणि स्क्रू पुन्हा आवळला. यंत्र पुन्हा खोकले.

त्याची बायको रुचिका टॉर्च धरून कंटाळली होती. "अरे, हर बार स्क्रूच काय कसतोस? रोलर फिरतोय आणि तार जागेवरच. घसरतेय ती."

"हा विरोधाभास मी मघाशीच टिपलाय."

"टिपलास ना? मग आता हात लावून बघ."

त्याने बोट लावले. बोट चकचकीत आणि लालसर होऊन परत आले.

काल खंडेनवमी होती. शिपाईगड्यांच्या या घरात त्या दिवशी तलवार काढून, पुसून, तेल देऊन पुजली जाते. 'हेही शस्त्रच,' म्हणत पुष्करने यंत्र वर वाहून नेले, तलवारीशेजारी ठेवले, आणि भक्तीच्या भरात झाकण उघडून रोलरलाही तेल पाजले. तारेच्या रिळावर कुंकू वाहिले. कित्येक पिढ्यांत काहीही न कापलेल्या तलवारीला तेल मानवले. ज्याचे सारे आयुष्य तार घट्ट धरण्यात जायचे, त्या रोलरला मात्र नाही.

"आबा, तुम्ही समोरच होता की! टोकलं का नाहीत?"

"मला वाटलं, कवितेतली काही रीत असेल."

रुचिका हसत हसत पायरीवरच बसली. पुष्करने रोलर स्पिरिटने पुसला, तेलकट तार कापून टाकली, गनच्या केबलमधली नळी ओढून धुतली, वाळवली, नवी तार ओवली. या वेळी स्क्रू त्याने हलकाच ठेवला. बटण दाबताच कढईत भजी तळावीत तसा एकसंध आवाज जिन्यात भरला. त्या आवाजावर त्याला एकही उपमा सुचली नाही, आणि बहुधा म्हणूनच हात स्थिर राहिला.

टाके देखणे नव्हते; घाईतल्या गोगलगायीने सही करावी तसे होते. पण दांडी निवल्यावर पुष्कर आणि रुचिका दोघेही तिला लोंबकळले, आणि ती हलली नाही. फक्त वरून खाली येताना मधेच किंचित पोट काढत होती.

आबांनी काठी भिंतीला टेकवली. आपट्याची पाने खिशात घातली. कठड्यावर हात ठेवला, दाबला, आणि एक पायरी उतरले. मग दुसरी. जिथे दांडीने पोट काढले होते तिथे त्यांचा हात क्षणभर थांबला.

ते खाली पोहोचले. त्याच्यासमोर उभे राहिले.

"आबा," त्याने विचारले, "कठडा वाकडा वाटतो का हो?"

आबांनी त्याच्या कपाळावरच्या मुखवट्याकडे पाहिले, खिशातून आपट्याचे एक पान काढून त्याच्या तेलकट तळहातावर ठेवले, आणि उंबरा ओलांडून गल्लीत चालू लागले.