डोळ्याचा शब्द

शहाऐंशीच्या दुष्काळात ईट गावच्या आमच्या दूध संस्थेत कॅन मोकळे आणि माणसंही मोकळी. मी दुधाची फॅट काढणारा. दूधच येईना, तर फॅट कशाची काढणार? तेव्हा जनावरांच्या दवाखान्यातल्या रेवणसिद्ध कंपाउंडरनं आम्हाला एक खेळ लावला. खडूनं फरशीवर सात भुयारं काढायची. सातव्यात पाणी, आणि पाण्याच्या राखणीला भुयारांतून फिरणारा राक्षस. आपण माणूस म्हणून आत जायचं नाही, प्राणी होऊन जायचं. वटवाघळाला नुसतं ऐकू येणार, मुंगीला नुसता वास येणार, सापाला पोटाखालची थरथर तेवढी कळणार. रेवणसिद्ध गोष्ट सांगणार, आपण काय करतो ते आपण बोलायचं आणि कवड्या टाकायच्या. पाणी गाठलं की जिंकलं. त्या साली पाणी खेळात मिळालं तरी बरं वाटायचं.

कॅन धुणारी बनामावशी आठ महिने दाराशी बसून हा खेळ ऐकत होती. देवीच्या साथीत लहानपणीच तिचे डोळे गेले होते. कुठल्या कॅनला आंबूस वास आहे, हे ती झाकण काढायच्या आत सांगायची. एक दिवस ती आत आली आणि म्हणाली, "मलाबी डाव द्या."

"मावशी, फरशीवरची भुयारं तुम्हाला कशी दिसणार?" मी म्हणालो. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या ईटला ठाऊक आहे.

"भुयारात अंधारच हाय न्हवं? मग डोळं असून तू तिथं काय दिवं लावणार, पिराजी?"

चेअरमन गुंडाप्पा पोट धरून हसले. माझं डोकं फिरलं. "ठरलं तर!" मी म्हणालो. "भुयारात ज्याच्या तोंडून डोळ्याचा शब्द येईल, तो बाद!"

"कबूल," मावशी म्हणाली. "हरले तर पुना डाव मागणार न्हाय. जितले तर रोज हितं बसणार."

ती साप झाली, मी वटवाघूळ, गुंडाप्पा मुंगी. पहिला डाव चेअरमनांचा. ते ऐटीत म्हणाले, "मुंगी दाराशी थांबते आणि वास घेऊन बघते."

"बाद!" रेवणसिद्ध म्हणाला.

"आरं, बघते म्हंजी तसं न्हवं! नुसतं म्हणायची रीत हाय!"

"बघते म्हणजे बघते."

मला घाम फुटला. आपण चव घेऊन बघतो, विचारून बघतो, वाट बघतो. हा शब्द मराठीत कुठं म्हणून नाही? मी एकेक शब्द चाळणीतून गाळून बोलू लागलो.

मावशीला मात्र कसलाच अडथळा नव्हता. तिनं फरशीवर तळवा टेकला. "साप पोट भुईला लावतो." रेवणसिद्धनं राक्षसाची पावलं म्हणून लांबवर बोटांची टकटक केली. "डाव्या अंगाला हाय," ती म्हणाली. "एक पाय वढतोय. जाऊ दे त्याला." टकटक लांब गेली की ती पुढं सरकायची. एक, दोन, तीन, बघता बघता सहा भुयारं झाली.

मीही सहाव्यात पोचलो होतो. पुढं दोन वाटा, आणि डाव माझा. हातात कवड्या खुळखुळवत मी म्हणालो, "डावीकडं जावं का उजवीकडं... बघू..."

"बाद!" रेवणसिद्ध आणि चेअरमन एकदम ओरडले. मीच खणलेल्या खड्ड्यात मी पडलो.

तरी माझी खोड जाईना. "मावशी, राक्षस मागं आला, बघा!"

"सापाला कान नसत्यात," ती म्हणाली. तळवा तसाच टेकलेला. मग तिनं सात कवड्या टाकल्या. पाणी गाठायला पाच उताण्या पडायला हव्या होत्या. तिनं बोटांनी एकेक चाचपली. "पाच."

पाचच होत्या. रेवणसिद्ध उठून उभा राहिला. "मावशी, पाणी लागलं!" मला तर खरंच आनंद झाला, हरलो तरी. मी विचारलं, "मावशी, तुमच्या तोंडून एकदाही 'बघते' कसं आलं नाही?"

"धा वर्साची व्हते. डोळं जाऊन म्हैनाबी झाला नव्हता. गाय व्याली तवा म्या म्हणलं, वासरू कसं हाय, हात लावून बघते. आंगणातली समदी लई हसली. 'आंधळी बघती म्हणं!' तवापासून ह्यो शबुद तोंडात आणला न्हाय."

मला मान वर करवेना. पण तिनं वाईट वाटून घ्यायला सवडच दिली नाही. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "सरक तिकडं. माझी जागा कुठली, बघू दे मला."

गुंडाप्पा सवयीनं ओरडले, "बाद!"

"डाव संपलाय, चेअरमन," मावशी ऐसपैस मांडी घालत म्हणाली. "आता म्या कितीबी बघीन."