पाच मिली, तीन वेळा

शर्मिलानं अपॉइंटमेंट घेतली होती मुलीच्या, ज्ञानदाच्या पोटदुखीसाठी, पण ज्ञानदा बरोबर नव्हतीच. ती शाळेत होती, ठणठणीत. दहा मिनिटांतली चार शर्मिलानं पुण्यातल्या लग्नाच्या वर्णनात घालवली आणि मग मुद्द्यावर आली. विमान शनिवारी होतं आणि शाळा सुट्टीआधीचा आठवडा काही केल्या सोडत नव्हती. तेव्हा डॉक्टर म्हणून वैदेहीनं लिहून द्यायचं की मुलीवर पुण्यात उपचार चालू आहेत, जाणं भाग आहे.

वैदेही नाही म्हणाली. मुलगी आजारी नव्हती हे तर झालंच, पण असती तरी इथला, नेदरलँड्समधला हाउसआर्ट्स, म्हणजे घरचा डॉक्टर, स्वतःच्या पेशंटसाठी असा दाखला देत नाही. त्यानं उपचार करायचे. दाखला हवा तर तिऱ्हाईत डॉक्टरकडून. हे सगळं तिनं नियमावली वाचून दाखवावी तशा आवाजात सांगितलं, आणि तो आवाज लावताना तिला बरं वाटलं, हे कशाला लपवा? इथल्या डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये नाव लागावं म्हणून तिनं नऊ वर्षं घासली होती. पुण्याची एम.डी. नवऱ्याच्या व्हिसावर रायस्वाइकला आली, तेव्हा तिला कुणी ब्लडप्रेशरही मोजू देईना. मग भाषा, परीक्षा, आणि आपल्याहून दहा वर्षांनी लहान पोरांच्या हाताखाली पुन्हा शिकणं. सहा महिन्यांपूर्वी दारावर पाटी लागली आणि गावातली निम्मी मराठी मंडळी तिच्याकडे नाव नोंदवायला आली. आपली डॉक्टर झाली, म्हणाले. आपली म्हणजे काय, तर मागेल ते लिहून देणारी.

शर्मिला उठली नाही. तिनं फोन काढून वैदेहीसमोर धरला. चार वर्षांपूर्वीचे मेसेज होते, वैदेहीचेच. ज्ञानदाला द्यायच्या अँटिबायोटिकचा डोस: पाच मिली, दिवसातून तीन वेळा, पाच दिवस.

"तेव्हा तुझ्याकडे लायसन्स होतं का गं?" शर्मिला म्हणाली. "हे हेल्थ इन्स्पेक्शनला पाठवलं तर तुझी पाटी राहील?"

वैदेहीनं दार उघडून तिला बाहेर जायला सांगितलं. पण पुढच्या पेशंटचा घसा तिला दोनदा बघावा लागला.

इथला डॉक्टर पॅरासिटामॉल घ्या आणि वाट बघा म्हणतो. म्हणून पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक बॅगेत पापड-मसाल्यांच्या खाली अँटिबायोटिक असतं, आणि ते किती घ्यायचं हे विचारायला त्या काळी सगळे वैदेहीला गाठत. ती सांगायची. चूक आहे हे कळत असूनही सांगायची, कारण दिवसभरात तेवढीच पाच मिनिटं तिला डॉक्टर असल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी जेवताना तिनं हे नवऱ्याला, अंबरीशला सांगितलं. तो म्हणाला, लिहून टाक एक ओळ, कोण बघतंय. ती त्याच्यावर अशी उखडली की तो ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. शर्मिलाला घाबरून खोटं लिहायचं नाही, हे तिचं ठरलं होतं. उलट तिच्या आधी आपणच इन्स्पेक्शनला लिहून कळवायचं. चार वर्षांपूर्वी नोंदणी नसताना सल्ले दिले, कुणाचं काही बिघडलं नाही, खेद आहे. फार तर ताकीद मिळेल, आणि शर्मिलाचं तोंड कायमचं बंद होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पत्राला जोडायला म्हणून तिनं स्वतःच्या फोनवरचे ते मेसेज शोधले. डोसच्या खाली, दुसऱ्या दिवशीचा शर्मिलाचा मेसेज होता. अंगभर लाल चट्टे आलेत गं, ओठ पण सुजलाय. त्याखाली वैदेहीचं उत्तर होतं. उष्णता असेल, कोर्स पूर्ण कर.

तिनं फोटो मागितला नव्हता. पोरीला बघायला गेली नव्हती, घर सायकलवरून सात मिनिटांवर असून. त्या दिवशी तिची डच भाषेची परीक्षा होती. तिनं ज्ञानदाची फाइल उघडली. ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही' होतं. सहा महिन्यांपूर्वी ते तिनंच भरलं होतं, न विचारता, घरचंच माणूस म्हणून. वैदेहीला स्वतःची शिसारी आली.

तिनं शर्मिलाला फोन लावला. शर्मिलानं उचलला तो दाखला मिळणार या समजुतीनं. वैदेहीनं सगळं सरळ सांगून टाकलं. ते चट्टे औषधाचे असू शकतात, ॲलर्जी असू शकते, ते तेव्हाच ओळखायला हवं होतं आणि तिनं ओळखलं नाही. तपासणी होईपर्यंत ते औषध ज्ञानदाला परत द्यायचं नाही, पुढच्या खेपेला जिवावर बेतू शकतं.

पलीकडून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"ते मेसेज मी तुला अडकवायला ठेवले नव्हते," शर्मिला म्हणाली. "पोरीला किती द्यायचं ते त्यात लिहिलंय, म्हणून ठेवलेत. त्याच औषधाची नवी बाटली बॅगेत भरलीय. प्रवासात ताप आला तर द्यायला."

"काढ ती."

"काढली. आता तक्रार मी करणार, वैदेही. दाखल्यावरून नाही. चट्ट्यांवरून."

तक्रार कुठे पाठवायची तो पत्ता वैदेहीनंच तिला सांगितला.