ऑर्व्हिल आजोबांचं चांगलं मरण

मेरेडिथ स्वानला सेंद्रिय रसायनशास्त्रात पैकीच्या पैकी गुण होते, प्रयोगशाळेतल्या उंदरांशीही तिचं बरं जमत असे. तरीही तिला मेडिकलला प्रवेश मिळेल की नाही याची खात्री नव्हती. तिच्या निबंधात अजून कोणी मेलं नव्हतं.

ओहायोतल्या त्या कॉलेजात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पदवीचे गुण कितीही असोत, मेडिकलच्या अर्जासोबत आपल्याला डॉक्टर का व्हायचंय हे लिहून द्यावं लागतं. त्यात काळीज दिसलं पाहिजे, असं सल्लागार डेल्गाडोबाई प्रत्येकाला सांगत. त्यामुळे निम्म्या वर्गाला एकाएकी रुग्णसेवेचं वेड लागलं होतं. मेरेडिथला वृद्धाश्रमातल्या अखेरच्या घटका मोजणाऱ्या रुग्णांच्या विभागात जागा मिळाली, तेव्हा मैत्रिणींनी तिचं अभिनंदन केलं आणि नंतर बरेच दिवस तिच्याशी बोलणं टाळलं.

तिच्या वाट्याला ऑर्व्हिल टकेट आले. पियानो सुरात लावण्यात हयात गेलेले, हृदय थकलेले आजोबा. डॉक्टरांनी त्यांना उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती, आणि अर्जाची मुदतही साधारण तीच होती. मेरेडिथ दर गुरुवारी जाऊन त्यांच्याशी पत्ते खेळे. निबंध तिने हिवाळ्यातच लिहून टाकला. शेवटच्या परिच्छेदात आजोबा तिचा हात धरून शांतपणे जात होते आणि खिडकीबाहेर बर्फ वितळत होतं.

बर्फ वितळलं. आजोबा मात्र सुधारले. त्यांना भूक लागू लागली, ते नर्सशी भांडू लागले, आणि शेवटी डॉक्टरांनी त्यांना साध्या खोलीत हलवलं. त्या आनंदात केक कापला गेला. मेरेडिथनेही खाल्ला, मनात निबंधाचा शेवटचा परिच्छेद घोळवत.

पाहुणे पांगल्यावर आजोबांनी पत्ते पिसायला घेतले.

"तोंड का पाडलंस, पोरी? निबंधात मेलोय ना मी?"

मेरेडिथचे कान तापले.

"लाजू नकोस. गेल्या वर्षी त्या डॅशिएल नावाच्या पोराच्या निबंधासाठी मेलो. लागला की त्याचा नंबर."

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला? खरं मरण एवढं चांगलं थोडंच येणार आहे मला? पाठव तसाच."

तिने तसाच पाठवला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखत घेणारे डॉक्टर हारग्रोव्ह मायाळू डोळ्यांचे होते. निबंधाच्या शेवटाशी येऊन त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि ओलसर आवाजात विचारलं, "शेवटी काय म्हणाले गं ते?"

हे तिने लिहिलंच नव्हतं. काहीतरी उदात्त सुचावं म्हणून ती धडपडली, पण आजोबांचं शेवटचं वाक्य तिच्या कानात स्पष्ट होतं: माझे पत्ते बघू नकोस.

"ते जिवंत आहेत, सर," ती म्हणाली. "गुरुवारी मला हरवलं त्यांनी. लबाडी करून."

डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. या पेशात प्रामाणिकपणा किती मोलाचा आहे यावर ते इतका वेळ बोलले की तिला काय ते कळलं. आठवड्याभरात नकार आला. रुग्णांच्या सहवासाचा तिचा अनुभव पुरेसा सखोल वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

गुरुवारी जायची आता काही गरज नव्हती. ती गेली.

"जिवंत आहे म्हणालीस?" आजोबांनी कपाळाला हात लावला. "आणि तो डॅशिएल पांढरा कोट घालून मिरवतोय."

"तोंडातून निघून गेलं."

"परत अर्ज करशील ना?"

"करणार."

आजोबांनी पत्ते वाटले आणि थोडा विचार केला. "मग यंदा घाई नको. नीट मरू. शेवटचं वाक्य मी आत्ताच सांगून ठेवतो."

मेरेडिथने आपले पत्ते उचलून लावले. मग त्यांच्या मनगटाकडे बघितलं.

"ते नंतर, आजोबा. आधी बाहीतली राणी खाली ठेवा."