डोळ्यांत तेल

तपासणी विभागाच्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘डोळ्यांत तेल घालून काम करा’. तेल कुठून आणायचं, हे लिहिणाऱ्याने लिहिलं नव्हतं. बावीस वर्षं त्या भिंतीखाली बसूनही घारताईला हा प्रश्न कधी पडला नव्हता. त्या आठवड्यात पडला, आणि मग तिने कोणालाच सुखाने बसू दिलं नाही.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. कारखाना औषधाच्या काचेच्या कुप्यांचा. दिव्याखाली कुपी धरायची, काळ्या पाटीसमोर पाच मोजायचे, पांढऱ्या पाटीसमोर पाच मोजायचे. चीर, बुडबुडा, कण दिसला की कुपी बाद. तीन नंबरच्या टेबलावरून नासकी कुपी सुटत नाही, अशी ख्याती होती. म्हणून घार.

मग तीन महिन्यांपूर्वी नवा मुकादम आला. त्याने पहिल्याच दिवशी शोध लावला की बायका काम करताना डोळे मिटतात. जुन्या मुकादमाला हे माहीत होतं, पण तो त्याला पापणी लवणं म्हणायचा. नव्याने नियम काढला : दहा मोजून होईपर्यंत पापणी हलता कामा नये. हलली की वहीत लाल फुली. पाच फुल्या झाल्या की त्या दिवशीचा चहा बंद.

घारताईने फुल्या होऊ दिल्या नाहीत. सकाळी काही वाटायचं नाही. जेवणानंतर मात्र डोळ्यांत कोणी वाळू पेरल्यासारखं व्हायचं, दिव्याभोवती धुकं जमायचं आणि साडेतीनच्या सुमारास डोळे घळाघळा वाहू लागायचे. मुकादम टेबलाशी थांबून अख्ख्या विभागाला ऐकू जाईल असं म्हणायचा, “रडून काही होत नाही, बाई. कामात लक्ष द्या.”

बापाला पोचवून आल्यावरसुद्धा चारचौघांत जिने डोळ्याला पदर लावला नव्हता, तिला हे ऐकून घ्यावं लागत होतं. ती दात आवळायची. पुढची कुपी उचलायची.

आणि एक कुपी सुटली. केसाएवढी चीर. इस्पितळातल्या परिचारिकेने ती वेळीच पाहिली म्हणून निभावलं. खोक्यातल्या चिठ्ठीवर टेबल तीन आणि वेळ दुपारी तीन चाळीस. दुसऱ्या दिवशी घारताईच्या हातात कागद पडला : ‘माझ्या हलगर्जीपणामुळे सदोष माल पुढे गेला, हे मला मान्य आहे.’ खाली सहीची जागा. शुक्रवारपर्यंत सही करायची आणि सोमवारपासून तळमजल्यावर खोकी चिकटवायला जायचं. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला होता : दृष्टी उत्तम. डोळे उत्तम आहेत, तेव्हा दोष नजरेचा नाही तर नियतचा, असा कारखान्याचा सरळ हिशोब.

“कुपी माझ्याच हातून गेली,” घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली. “ते मी कुठे नाकारतेय? पण हलगर्जीपणा? तो कागद त्याच्या घशात घालते की नाही बघा.”

नवरा शिंपी. रागावलेल्या माणसाशी बोलताना मान वर करायची नाही, हे तो संसारात शिकला होता. तो काजं करत होता. समोरच्या उशीत वीसेक सुया दोरा ओवून टोचलेल्या होत्या.

“अहो, या एवढ्या सुया कशाला?”

“सकाळीच ओवून ठेवतो. दुपारनंतर सुईचं नाक मला दिसत नाही, सुईला माझं दिसतं.”

“म्हणजे तुमचे डोळे बिघडलेत.”

“सकाळी बरे असतात की.”

घारताई उभ्या उभ्या थांबली. मग तिने पिशवीतून तो दाखला काढला आणि दोनदा वाचला. दृष्टीचा रकाना होता, वयाचा होता, तारखेचा होता. वेळेचा नव्हता. आणि कारखान्याच्या डॉक्टरीणबाई बुधवारी नऊ ते दहा येत.

बुधवारी नऊला ती दारात हजर. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत पिवळं औषध सोडलं, निळा दिवा लावला आणि म्हणाल्या, “पापणी मिटा. उघडा. आता मिटू नका.” त्यांनी सेकंद मोजले. “अकरा. छान आहे. डोळ्यावर अश्रूंचा पातळ पापुद्रा असतो, तो अकरा सेकंद टिकला. मग फाटायला लागला.”

“आणि दुपारी?”

“एकटक बघत राहिलात तर लवकर फाटेल. वर तेलाचा थर असतो ना, तोच पाणी उडू देत नाही. तेल पापणीच्या कडेतून येतं. पापणी नीट मिटली की पसरतं.”

“काय येतं म्हणालात?”

“तेल.”

घारताईने त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, “दुपारी तीन चाळीसला माझ्या टेबलाशी या.”

“माझी वेळ नऊ ते दहा आहे हो.”

“माझ्या डोळ्यांची पाचपर्यंत आहे. सही तुमची आहे दाखल्यावर. त्या सहीवर मला खोकी चिकटवायला धाडतायत.”

डॉक्टरीणबाई दाखल्याकडे बघत राहिल्या. त्यांचे कान लाल झाले. “येते,” त्या म्हणाल्या.

त्या आल्या. सोबत पिवळं औषध आणि निळा दिवाही. मुकादम वही घेऊन धावत आला, तोवर मोजणी सुरू झाली होती. “एक. दोन. तीन. चार. फाटला.” डाव्या डोळ्याचा तर तीनलाच.

“चार सेकंदांचा पापुद्रा आणि दहा सेकंदांची कुपी,” घारताई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. आवाज कोरडा ठणठणीत होता. “उरलेले सहा सेकंद मी कशातून बघत होते, साहेब?”

“पण पाणी तर येतंय भरपूर,” मुकादम म्हणाला.

“कोरडं पडतं म्हणूनच येतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ते नुसतं पाणी. त्यात तेल नाही.”

“सवयीचा प्रश्न आहे. मनावर घेतलं की जमतं. सरका, मी दाखवतो.”

घारताईने उठून त्याला खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणाला दिली. तो बसला. पहिली कुपी त्याने रुबाबात पाहिली. दुसऱ्या कुपीला भुवया वर ओढून धरल्या. चौथीला बोटाने पापणी उचलून धरली. घारताई आकडे सावकाश म्हणत होती, इतक्या सावकाश की एकेक सेकंद बाळसं धरत होता. सहाव्या कुपीला मुकादमाच्या दोन्ही गालांवरून धारा लागल्या. आजूबाजूच्या टेबलांवर कोणी हसलं नाही. सगळ्या जणी त्याच्याकडे बघत होत्या आणि मजेत पापण्या लववत होत्या.

“रडून काही होत नाही, साहेब,” घारताई म्हणाली.

मग तिने तो कागद टेबलावर पसरला. ‘हलगर्जीपणामुळे’ यावर आडवी रेघ मारली, वर लिहिलं ‘पापणी मिटायला मनाई असल्यामुळे’, आणि उरलेलं वाक्य तसंच ठेवून खाली सही केली. सदोष माल पुढे गेला होता आणि ते तिला मान्य होतं. शेजारी डॉक्टरीणबाईंनी सही केली. वेळेला रकाना नव्हता, म्हणून त्यांनी समासात लिहिलं : दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटे.

“हा कागद आता वर जाईल,” घारताई म्हणाली. “तुम्ही नेला नाहीत तर मी नेईन. आणि सोमवारी मी याच खुर्चीत असेन. उठा.”

तो उठला. ती बसली, कुपी उचलली, काळ्या पाटीसमोर धरली आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे तोंड करून सावकाश, पूर्ण, डोळे मिटले.

मुकादमाने सवयीने वही उघडली, लाल पेन काढलं. फुली नेमकी कुठे मारायची, ते मात्र त्याला दिसेना.