पट्टी कुठल्या बाजूला

मालिकेतल्या पेशंटच्या डोक्याची पट्टी काल उजवीकडं होती आणि आज डावीकडं आली, ही चोरी उमरग्यात कुणी पकडली असेल तर ती वृषालीनं. आणि तिथंच ती फसली, बाकी काय! त्या दिवशी तोंड मिटून बसली असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

वृषाली डॉक्टर अमरनाथांच्या दवाखान्यात सिस्टर होती. दवाखाना हायवेला लागून. खाली पेशंट, वर डॉक्टरांचं घर. कामावर घेताना डॉक्टरांनी तिची मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतली होती. दोन वर्षांचा बाँड, तोवर कागद आमच्याकडं. सगळ्याच पोरींचे कागद असे वरच्या घरातल्या लोखंडी कपाटात पडून होते. वृषालीचा बाँड जूनमध्ये संपला, पण कागद काही खाली उतरले नाहीत.

डॉक्टरांच्या आई गिरिजाबाई न्हाणीत घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, पण म्हातारी पलंगावर पडली ती हट्टालाच पेटली. गोळी घेईना, पाय हलवीना, सुनेनं आणलेली पेज बघून भिंतीकडं तोंड करी. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, दुपारी दोन तास वर बसत जा."

वर टीव्ही चालू असायचा. गिरिजाबाई रात्री आठलाच झोपत, म्हणून आदल्या रात्रीचे भाग दुपारी पुन्हा लागले की त्या बघत. आधी 'पाव्हणं, हसा की' हा विनोदी कार्यक्रम, मग 'नाडी तुझी माझी' ही डॉक्टरांची मालिका. आता गंमत अशी, की ह्या दोन्हींवर वृषालीचा भारी जीव. रात्री खोलीवर मोबाईलवर ती एकही भाग सोडत नसे. आणि जीव होता म्हणूनच तिला राग यायचा. ज्याचं काहीच वाटत नाही त्याच्यावर कोण चिडतंय?

पहिल्याच दुपारी ती बोलून गेली, "आज्जी, पट्टी बघा की! काल उजव्या बाजूला होती. जखम रात्रीतनं चालत गेली व्हय?"

गिरिजाबाईंनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी त्यांची मान कुणाकडं वळली होती. "आणि काय काय चुकतंय गं?" त्यांनी विचारलं.

झालं, वृषालीच्या तोंडाचा नळच सुटला. ऑपरेशनला उभा राहिलेला हिरो मास्क नाकाखाली ठेवतो. सिस्टर टाचांच्या चपला घालून आयसीयूत फिरते आणि दिवसभर "यस डॉक्टर" ह्यापलीकडं चकार शब्द काढत नाही. कोमातल्या बाईचं काजळ एवढंसुद्धा फिसकटत नाही. त्यापरीस तो हसण्याचा कार्यक्रम बरा! त्यातल्या दवाखान्यात एका पेशंटमागं वीस नातेवाईक, हातात शहाळी, आणि डॉक्टर बोलायच्या आधी सगळे मिळून औषध सांगणार. "आज्जी, खरं सांगते," वृषाली म्हणाली, "ह्या हसवणाऱ्यांनी दवाखाना बघितलाय. त्या रडवणाऱ्यांनी न्हाय बघितला."

म्हातारी एवढी हसली की टाक्यांवर हात धरून "थांब, थांब गं" म्हणाली. त्या दिवशी तिनं गोळी घेतली, पाय वीस वेळा हलवला. डॉक्टरांनी खालून येऊन बघितलं आणि दोन तासांचे तीन तास केले.

असे तीन महिने गेले. मग एका सकाळी वृषालीच्या मोबाईलवर सरकारी भरतीची यादी आली. तीन वर्षं ती परीक्षा देत होती. आठव्या नंबरावर तिचं नाव होतं, आणि नेमणूक तिच्या गावापासून चार कोसांवरच्या सरकारी दवाखान्यात. शुक्रवारी सकाळी दहा वाजता धाराशिवला मूळ कागद घेऊन हजर राहायचं होतं. जो हजर राहणार नाही त्याची जागा खालच्या नंबराला. गावाकडं तिचे वडील धम्मपाल पोरीचं नाव असलेली ती यादी खिशात घालून दारोदार दाखवत सुटले होते.

ती डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर रिपोर्टातून मान वर न काढता म्हणाले, "माझं काही नाही सिस्टर. पण कपाटाची किल्ली आईकडं असते. तिला विचारा."

ती वर गेली. गिरिजाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लुगड्याच्या कनवटीवर हात ठेवला. किल्ली तिथं होती.

"तू गेल्यावर मालिका कोण सांगंल मला?"

"दुसरी सिस्टर येईल की, आज्जी."

"ती आली होती रविवारी. नुसती बसती बघत. हसती पण न्हाय, चिडती पण न्हाय. तिला मतच न्हाय." मग त्यांनी वृषालीचा हात धरला. "पोरी, म्या इथनं उठू शकत न्हाय. माझ्या दिवसात बघण्यासारखं तूच एक हायस. म्या कशी सोडू?"

म्हातारी दुष्ट असती तर वृषाली भांडली असती. पण तो हात गरम होता, आणि सुटत नव्हता.

रात्रभर विचार करून तिनं एक ठरवलं. मतासाठी धरून ठेवतात काय? मग मतच द्यायचं नाही! सोमवारपासून तिनं तोंडाला कुलूप लावलं. रात्री मोबाईलवर बघायचंही सोडलं, उगीच जीभ वळवळायला नको म्हणून. दुपारी भाग सुरू झाला की खुर्चीत सरळ बसायची.

"कसा झाला गं आजचा भाग?"

"छान हाय, आज्जी."

"आणि त्यो डॉक्टर?"

"चांगला हाय."

सोमवारी हिरोनं स्टेथोस्कोप लग्नात गळ्यात घातला. वृषाली गप्प. मंगळवारी सलाईनची नळी हाताला लागलेलीच नव्हती, उशीखाली गेली होती. वृषालीनं ओठ चावले, पण गप्प. बुधवारी त्या हसण्याच्या कार्यक्रमात पुन्हा साडी नेसलेला बाप्या सिस्टर झाला आणि तोच सायकलच्या पंपाएवढ्या इंजेक्शनचा विनोद झाला. तिला ओरडावंसं वाटलं की अरे, गेल्या महिन्यात केलाय रे हाच! ती म्हणाली, "मजा आली."

गिरिजाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. टीव्हीकडं कमी, तिच्याकडं जास्त.

गुरुवारी वृषाली वर आली तेव्हा पलंगावर फडक्यात बांधलेला डबा होता. "उद्या लवकरची गाडी हाय न्हवं?" गिरिजाबाई म्हणाल्या. "शेंगाची पोळी हाय. वाटंत खा."

वृषाली पलंगाजवळ सरकली.

"तीन दिवस बघायलीया म्या," म्हातारी म्हणाली. "तू हितं नसतीसच. नुसतं अंग बसतंय खुर्चीत. अशाला धरून काय करायचंय? एवढा भाग संपू दे, मग कपाट उघड तूच." आणि त्यांनी कनवटीत बोटं घालून किल्ली बाहेर काढली. ती मुठीत धरली आणि टीव्हीकडं वळल्या.

अर्धा तास. अर्धा तास फक्त गप्प बसायचं होतं. वृषालीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

मालिकेत हिरोच्या बायकोचं हृदय थांबलं. पडद्यावर रेघ सरळ झाली. सगळे दवाखानाभर उभे राहून एकमेकांची तोंडं बघायला लागले. हिरोनं आधी बायकोचा हात धरला. मग डोळे मिटले. मग खिडकीकडं जाऊन आभाळाकडं बघितलं. वृषाली खुर्चीच्या कडेला आली. गेल्याच महिन्यात हायवेवरच्या एका ट्रक ड्रायव्हरला तिनं खाली फरशीवर घेऊन अकरा मिनिटं त्याची छाती दाबली होती आणि त्याला परत आणलं होतं. हिरो परत आला. मऊ गादीवर, कोपरं वाकवून, दोन बोटांनी, त्यानं बायकोच्या पोटावर दाबलं.

"अरे मेल्या, पोट कशाला दाबतोस! छाती! छाती कुठं असती तुला म्हाईत न्हाय?"

ती खुर्चीतून उठली होती. तिला कळलंही नाही कधी. उशी ओढून तिनं फरशीवर टाकली, गुडघ्यावर बसली, "हितं! मधोमध! कोपरं सरळ! खाली कडक पायजे! आणि खिडकीत काय होतं रे, तुझा बाप?" आणि मोठमोठ्यानं मोजत दाबायला लागली. एक, दोन, तीन, चार. तिसाला ती थांबली.

खोलीत हसणं चाललं होतं. गिरिजाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, खुब्यावर हात धरून, श्वास घेत घेत. "आली! आली गं माझी बाई! मला वाटलं, गेलीसच तू!"

वृषाली उशीवर हात ठेवून तशीच बसली. वर बघितलं तेव्हा म्हातारीची बोटं पुन्हा कनवटीत होती. किल्ली आत गेली, पदर वरून नीट बसला. मग गिरिजाबाईंनी कुणी न सांगता गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि डब्याचं फडकं सोडलं.

"घे, पोळी खाऊ दोघी. आता त्यो डोक्याला लागलेला पेशंट दाखवतील," त्या म्हणाल्या. "मला हितनं नीट दिसत न्हाय. पट्टी कुठल्या बाजूला हाय गं आज?"

खालून हायवेवरनं एक एसटी हॉर्न देत गेली. वृषालीनं पडद्याकडं बघितलं.

"डाव्या," ती म्हणाली. "काल उजव्या होती."